शस्त्र: हक्क कीं ठेव?

मनुष्यानें आपल्या घरीं बंदूक ठेवावी काय, आणि ठेवावयाची झाल्यास त्यासाठीं दुसऱ्या कोणाची परवानगी त्यानें कां घ्यावी, हा प्रश्न खेड्यांतील वाचकांस प्रथमदर्शनीं दूरचा वाटेल. परंतु आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांत तो दूरचा नाहीं. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी, गगनबावडा या डोंगराळ तालुक्यांत ज्याचें शेत रानाच्या कडेस आहे, त्याचा ऊंस रानडुकरें मोडतात, भात गवे तुडवितात, आणि चंदगड-आजऱ्याकडे तर हत्तीही येऊन उभ्या पिकाची नासाडी करतात. असा मनुष्य राखणीसाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागतो आणि कचेरीच्या पायऱ्या झिजवितो. दुसरीकडे, ज्यास रानाचा किंवा चोरांचा कसलाच उपद्रव नाहीं असा एखादा सधन गृहस्थ कमरेस पिस्तूल लावून लग्नमंडपांत मिरवितांना दिसतो. आणि दोघांसही विचारलें तर दोघेही एकच उत्तर देतात: “हा माझा हक्क आहे.” हें उत्तर दोघांच्याही तोंडीं सारखेंच शोभतें काय? किंबहुना हें उत्तर बरोबर तरी आहे काय? याचा शांतपणें विचार करावा, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बंदूक हातीं धरणें हेंच पाप, असें म्हणणारे कांहीं सज्जन आहेत. परंतु आपल्या जिल्ह्याचा अनुभव तसें सांगत नाहीं. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीचा तरुण स्वप्नील कुसाळे यानें २०२४ सालीं पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत ५० मीटर रायफल नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें. त्यापूर्वीं २०१० सालीं कोल्हापूरची तेजस्विनी सावंत म्युनिक येथें जगज्जेती ठरली होती, आणि २०१८ च्या आशियाई सामन्यांत राही सरनोबत हिनें पिस्तुलाच्या नेमबाजींत सुवर्णपदक जिंकलें. या मुलामुलींच्या हातांतील शस्त्रानें कोणाचें रक्त सांडलें नाहीं. उलट श्वास आवरणें, मन स्थिर ठेवणें, घाई न करणें, हे गुण त्या शस्त्राच्या अभ्यासांतूनच त्यांच्या अंगीं बाणले. तेव्हां लोखंडाच्या नळींत पाप भरलेलें असतें असें मानण्याचें कारण नाहीं. पाप व पुण्य यांचें घर मनुष्याच्या अंतःकरणांत आहे.

परंतु एवढ्यावरूनच कोणी असें म्हणेल कीं, “मग बंदूक व कोयता यांत भेद तो काय? कोयत्यासाठीं जर परवाना लागत नाहीं, तर बंदुकीसाठीं कां लागावा?” या प्रश्नाचें उत्तर नीट देणें अवश्य आहे, कारण पुढील सर्व विचार त्यावर अवलंबून आहे. कोयता हा रोजच्या कामाचा आहे; त्यानें गवत कापावें, ऊंस तोडावा. त्यानें माणूसही मरतो हें खरें. परंतु त्यासाठीं मारणाऱ्यास जवळ जावें लागतें, अंगाचें बळ लावावें लागतें, आणि समोरच्यास पळावयास, ओरडावयास, हात धरावयास अवसर मिळतो. त्या अवसरांत पुष्कळदां राग ओसरतो, शेजारी धांवून येतात, कोणी म्हातारी मध्यें पडते. बंदुकीपुढें हा अवसर उरत नाहीं. बोटाच्या एका चापानें पन्नास हातांवरचा मनुष्य पडतो, आणि मागाहून झालेला पश्चात्ताप त्यास उठवूं शकत नाहीं. शिवाय नेम चुकला तरी गोळी थांबत नाहीं. ती ज्याचा या भांडणाशीं कांहींएक संबंध नाहीं अशाच्या दारांत जाऊन शिरते. म्हणजे बंदूक बाळगणारा मनुष्य आपल्याबरोबर आपल्या शेजाऱ्याचाही जीव टांगणीस लावीत असतो. आणि ज्या गोष्टींत शेजाऱ्याचा जीव गुंतला आहे, तिच्याविषयीं प्रश्न विचारण्याचा अधिकार शेजाऱ्यास आहे. परवाना म्हणजे हाच प्रश्न होय. शेजाऱ्यांच्या वतीनें सरकार विचारतें: “तुला ही कशासाठीं पाहिजे? तूं ती कशी सांभाळशील?”

आतां एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो आपल्या देशाच्या इतिहासांतून आलेला असल्यामुळें त्यास हलकें लेखतां येत नाहीं. आक्षेप असा कीं, हत्यारांचे कायदे शेजाऱ्याच्या काळजीपोटीं झालेले नसून जिंकणाऱ्याच्या भीतीपोटीं झालेले आहेत. कोल्हापूर प्रांतानें तर हें डोळ्यांनीं पाहिलें आहे. १८४४ सालीं सामानगड, भुदरगड, पन्हाळा इत्यादि किल्ल्यांवरील गडकऱ्यांनीं बंड केलें. पिढ्यान्‌पिढ्या किल्ल्याची राखण करून जमिनी खाणारे हे लोक. नव्या कारभारांत आपली वतनें जातील या भयानें ते उठले. बंड मोडल्यावर किल्ल्यांचे दरवाजे व तट पाडण्यांत आले, आणि गडकऱ्यांची राखणदारी संपली. पुढें ३१ जुलै १८५७ रोजीं कोल्हापुरांतील २७ व्या देशी पलटणीनें उठाव केला, व त्यानंतर सर्व हिंदुस्थानांत लोकांचीं हत्यारें काढून घेण्याचा क्रम सुरू झाला. १८६० सालीं एक कायदा झाला, आणि १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत प्रसिद्ध हत्यारांचा कायदा झाला. त्यांतील खरें दुःख हें होतें कीं, तो सर्वांस सारखा नव्हता. हिंदी मनुष्यास परवाना लागे; गोऱ्या मनुष्यास सूट असे.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस हा प्रकार नवा वाटणार नाहीं. पलिष्टी लोकांनीं इस्राएलाच्या देशांत लोहार राहूं दिला नाहीं. नांगराचा फाळ किंवा कुऱ्हाड पाजवावयाची झाली तरी शेतकऱ्यास शत्रूच्या दारीं जावें लागे, हें शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत आपण वाचतों. लोकांस दुबळे ठेवण्यासाठीं त्यांचें लोखंड काढून घेणें ही राज्यकर्त्यांची फार जुनी युक्ति आहे. म्हणूनच काँग्रेसनें या कायद्याविरुद्ध वारंवार ठराव केले; आणि अहिंसेचे पुरस्कर्ते महात्मा गांधी यांनींही १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत सैन्यभरतीसाठीं काढलेल्या पत्रकांत, एका सबंध राष्ट्रास निःशस्त्र करणारा हा कायदा ब्रिटिश राज्याच्या दुष्कृत्यांपैकीं अत्यंत काळें कृत्य म्हणून इतिहासांत गणला जाईल, अशा आशयाचा अभिप्राय दिला. १९३१ सालच्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावांत तर, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क प्रत्येक नागरिकास असावा, असें स्पष्ट कलम होतें.

मग स्वराज्य आल्यावर काय झालें? डिसेंबर १९४८ मध्यें घटनासमितींत हरि विष्णु कामथ यांनीं कराचीचा हा हक्क राज्यघटनेंत घालावा अशी सूचना मांडली. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांनीं तिला विरोध केला. परक्या राज्यानें लोकांस नि:शस्त्र केलें होतें तेव्हांची तक्रार निराळी, आणि आतांची स्थिति निराळी; हा हक्क मूलभूत म्हणून लिहून ठेवला तर गुन्हेगारही तोच पुढें करतील; आणि खरा आग्रह धरावयाचा तो शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा नसून, राष्ट्रावर प्रसंग आला असतां शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सूचना नामंजूर झाली. आज आपल्या राज्यघटनेंत एकत्र जमण्याचा हक्क आहे, परंतु तो शांततेनें व विनाशस्त्र जमण्याचा आहे.

या इतिहासावरून कित्येक जण असा निष्कर्ष काढतात कीं, गोऱ्यांचा कायदा गेला आणि काळ्यांचा तसाच राहिला. परंतु शब्द सारखे असले म्हणून दोन कायदे सारखे होत नाहींत. पाहावयाचें तें हें कीं, प्रश्न कोण विचारतो, कोणाकोणास विचारतो, आणि नकार दिल्यास त्याचें कारण सांगण्यास तो बांधलेला आहे कीं नाहीं. १८७८ च्या कायद्यांत जेता विचारीत होता, व फक्त जितांसच विचारीत होता. १९५९ सालीं आपल्या संसदेनें केलेला शस्त्र अधिनियम हा सर्वांस एकाच मापानें मोजण्यासाठीं आहे. त्यांतील कांहीं कलमें प्रत्येक गांवकऱ्यास माहीत असावींत. परवान्याशिवाय बंदूक अगर दारूगोळा जवळ ठेवतां येत नाहीं. एकवीस वर्षें पुरीं झाल्याशिवाय परवाना मिळत नाहीं. अर्ज आल्यावर पोलिसांचा अहवाल मागवावा लागतो. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख कायद्यानें स्वतंत्रपणें केलेला आहे. नकार द्यावयाचा तर अधिकाऱ्यानें त्याचीं कारणें लिहून ठेविलीं पाहिजेत, आणि त्या नकारावर वरिष्ठाकडे अपील करतां येतें. आणि विशेष लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी कीं, अर्जदाराजवळ पुरेशी मालमत्ता नाहीं एवढ्याच कारणास्तव परवाना नाकारतां येणार नाहीं, असें त्या कायद्याचें चौदावें कलम सांगतें. गरिबाच्या पाठीशीं उभा राहणारा हा शब्द पुष्कळ गरिबांस ठाऊकही नाहीं.

आतां आपली दृष्टि क्षणभर दूर देशाकडे वळवूं. ऑस्ट्रेलिया हा मोठमोठ्या कुरणांचा व विरळ वस्तीचा देश. तेथील शेतकऱ्याच्या घरीं बंदूक असणें ही जुनी रीत. २८ एप्रिल १९९६ रोजीं त्या देशाच्या टास्मानिया बेटावर पोर्ट आर्थर या गांवीं एका तरुणानें भराभर गोळ्या सोडणाऱ्या बंदुकांनीं पसतीस माणसांचे प्राण घेतले. त्यानंतर पंधरा दिवसही लोटले नाहींत तोंच, १० मे रोजीं, तेथील पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनीं सर्व प्रांतिक सरकारांस एका नियमावलीस राजी केलें. बहुतेक सर्व स्वयंचलित व अर्धस्वयंचलित लांब बंदुका सामान्य माणसास बंद झाल्या. लोकांजवळच्या अशा बंदुका सरकारनें मोबदला देऊन परत घेतल्या व मोडून टाकल्या; त्यांची संख्या सुमारें साडेसहा लक्ष भरली. मोबदल्याचा पैसा उभा करण्यासाठीं सर्व देशावर एकदांच एक जादा कर बसविला. परवाना मागणाऱ्यानें ‘खरें कारण’ दाखविलें पाहिजे, असा नियम झाला: शेती, शिकार, नेमबाजीचा खेळ इत्यादि कारणें मान्य झालीं, परंतु ‘स्वतःच्या रक्षणासाठीं’ हें कारण मान्य झालें नाहीं.

हा कायदा सुखासुखीं झाला नाहीं. ज्या शेतकऱ्यांच्या मतांवर हॉवर्ड यांचें सरकार उभें होतें, तेच सर्वांत अधिक संतापले होते. त्या वर्षीं व्हिक्टोरिया प्रांतांत सेल या गांवीं बंदुकधारकांच्या सभेपुढें बोलतांना पंतप्रधानांनीं कोटाखालीं गोळीपासून रक्षण करणारें चिलखत घातलें होतें. शेतकऱ्यांचे पुढारी व उपपंतप्रधान टिम फिशर हे स्वतः शेतकरी. त्यांनीं आपल्याच माणसांचा रोष पत्करून गांवोगांवीं या कायद्याची बाजू मांडली. त्यानंतर त्या देशांत बंदुकीचे अत्याचार मुळींच झाले नाहींत, असें नाहीं. कायद्यानें मनुष्याचें मन बदलत नाहीं. परंतु एका राष्ट्रानें आपल्या सोयीचा कांहीं भाग शेजाऱ्याच्या जिवासाठीं सोडून दिला, हें उदाहरण विचार करण्याजोगें आहे.

कारण येथें खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्यांनीं बंदुका परत दिल्या, त्या लाखों लोकांपैकीं कोणीही तो अपराध केला नव्हता. अपराध एकाचा, आणि त्याचा भार निरपराध्यांवर! यांत न्याय कोठें आहे? असा प्रश्न त्या शेतकऱ्यांनीं केला, आणि तो गैर नव्हता. परंतु शिक्षा आणि भार या दोन भिन्न गोष्टी आहेत. अपराध्याखेरीज दुसऱ्यास शिक्षा करणें अन्याय होय. पण सर्वांच्या रक्षणाचा भार सर्वांनीं वाटून घेणें यांत अन्याय नाहीं. गांवांत पटकी आली असतां ज्याच्या घरीं कोणी आजारी नाहीं तोही आपल्या आडावर पहारा सोसतो व पाणी उकळून पितो. तो गुन्हेगार ठरला म्हणून नव्हे, तर तो गांवचा आहे म्हणून. भार मात्र दोन अटींवर न्याय्य ठरतो: तो सर्वांवर सारखा पडला पाहिजे, आणि ज्याचें नुकसान होतें त्याची भरपाई झाली पाहिजे. ऑस्ट्रेलियानें मोबदला दिला, आणि तो सर्वांच्या खिशांतून दिला. १८७८ च्या कायद्यांत या दोहोंपैकीं एकही अट पाळली गेली नव्हती. दोन्ही कायद्यांनीं लोकांचीं हत्यारें घेतलीं. परंतु एकास आपण जुलूम म्हणतों व दुसऱ्यास म्हणत नाहीं, त्याचें कारण हें आहे.

आतां दुसरा कठीण प्रश्न. भीति हें शस्त्र मागण्यास पुरेसें कारण आहे काय? ऑस्ट्रेलियाचा कायदा म्हणतो, नाहीं. आपला कायदा म्हणतो, जिवास खरा धोका असेल तर आहे. दोहोंपैकीं कोणता बरोबर, याचा निवाडा एका वाक्यांत करतां येणार नाहीं. ज्या देशांत पोलिस थोड्या वेळांत येऊं शकतात तेथला न्याय, आणि जेथें पावसाळ्यांत ओढ्यास पूर आला कीं वाडीचा संबंध तुटतो तेथला न्याय, एकाच सांच्यांत बसत नाहीं. आत्मरक्षणाचा हक्क मनुष्यास आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिताही तो मान्य करते. परंतु त्या हक्कास तिनें दोन कुंपणें घातलीं आहेत: रक्षणासाठीं अवश्य तेवढ्याहून अधिक इजा करूं नये, आणि अधिकाऱ्यांकडे धांव घेण्यास वेळ असतां स्वतः हात उगारूं नये. हा विचार फार प्राचीन आहे. मोशेच्या नियमशास्त्रांत, रात्रीं घर फोडणारा चोर मारला गेला तर मारणाऱ्यावर खुनाचा दोष नाहीं. पण सूर्य उगवल्यावर मारला तर दोष आहे, असा भेद केलेला आहे. अंधारांत चोराचा हेतु दिसत नाहीं आणि मदत मिळत नाहीं. उजेडांत दोन्ही गोष्टी शक्य असतात. चोराच्याही जिवाची किंमत धरणारा हा नियम आहे, हें आपण विसरूं नये.

यावरून एक कसोटी मिळते. भीतीचीं दोन रूपें असतात. एक भीति अशी कीं तिला नांव, ठिकाण व प्रसंग असतो: अमुक मनुष्यानें धमकी दिली, अमुक वाटेवर दरोडा पडतो. ती भीति चारचौघांत सांगतां येते, पोलिसांत नोंदवितां येते, आणि तिची चौकशी होऊं शकते. दुसरी भीति बिननांवाची असते. अमक्या जातीचे लोक माजले, तमक्या वस्तीचे लोक चढून बसले, आपण सावध असलें पाहिजे, अशा बोलण्यांतून ती वाढते. तिची चौकशी करतां येत नाहीं, कारण ती कोठें सुरू होते व कोठें संपते हें कोणासच ठाऊक नसतें. पहिल्या भीतीवर कधीं कधीं शस्त्र हें औषध असेल. दुसरीवर शस्त्र हें औषध नसून खतपाणी आहे. कारण एका वस्तींत बंदूक आली कीं दुसरीस दोन लागतात.

येथें आपला शेतकरी बंधु मध्येंच म्हणेल, “मास्तर, तुमचं सगळं खरं, पर रातभर माळ्यावर जागलो तरी डुकरं ऊस ठेवत न्हाईत. आमी काय करायचं ते सांगा की!” त्याचें दुःख खरें आहे, आणि त्यास उपदेशानें वाटेस लावणें हें निर्दयपणाचें होईल. वर्षाचें पीक एका रात्रींत गेलें म्हणजे सोसायटीचें कर्ज, मुलीचें शिक्षण, म्हाताऱ्याचें औषध हीं सर्व त्याबरोबर जातात. त्यानें पीकसंरक्षणाचा परवाना मागितला तर तो लोभी नव्हे, आणि त्याचा अर्ज वर्षानुवर्षें पडून राहिला तर तो अन्यायच होय. परंतु त्यानें हेंही जाणावें कीं, बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें शिकार बंद आहे. पिकास उपद्रव देणाऱ्या कांहीं प्राण्यांस मारावयाचें तरी वनखात्याच्या अधिकाऱ्याची निराळी लेखी परवानगी लागते, आणि गव्यास तर सर्वांत कडक संरक्षण आहे. ज्या दाजीपूरच्या रानांत पूर्वीं संस्थानिक शिकार करीत, तें १९५८ सालींच गव्यांसाठीं अभयारण्य झालें. म्हणजे बंदूक मिळाली तरी तिचा उपयोग बहुधा आवाज करून जनावर हांकलण्यापुरताच राहतो. आणि अंधाऱ्या रात्रीं ऊंस हलला म्हणून गोळी झाडावी, व पहाटे पाहावें तों पाण्याच्या पाळीस गेलेला शेजारी पडलेला आहे, असे प्रसंग महाराष्ट्रांत घडलेले आहेत. जनावर समजून माणसावर झाडलेली गोळी परत बोलावतां येत नाहीं. त्यापेक्षां चार शेतकऱ्यांनीं मिळून पाळीपाळीनें राखण करावी, कुंपण सामायिक घालावें, आणि नुकसान होतांच वनखात्याकडून पंचनामा करवून भरपाईचा अर्ज करावा, यांत वेळ अधिक जातो पण जीव जात नाहीं. डुकरासाठीं दारूचा गोळा पुरून ठेवणें किंवा कुंपणांत वीज सोडणें यास तर राखण म्हणतांच येणार नाहीं. त्या गोळ्यास व त्या तारेस पाऊल कोणाचें आहे हें कळत नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांच्या तोंडीं आहे: “गुंड थोडाच परवाना घेतो? त्याच्याजवळ गांवठी कट्टा असतोच. कायदा फक्त सज्जनांचे हात बांधतो.” यांत अर्धें सत्य आहे. गुंड परवाना घेत नाहीं हें खरें. परंतु परवान्याची पद्धत आहे म्हणूनच बिनपरवाना हत्यार सांपडलें कीं तेवढ्यावरूनच त्यास धरतां येतें. त्यानें त्यापूर्वीं गोळी झाडलीच पाहिजे असें नाहीं. परवान्याची पद्धत मोडली तर गुंडाचा कट्टा व सज्जनाची बंदूक यांत, रक्त सांडेपर्यंत, भेदच उरणार नाहीं. शिवाय सज्जन व गुंड अशा माणसांच्या दोन जाती परमेश्वरानें निर्माण केलेल्या नाहींत. बांधाच्या भांडणांत भाऊ भावावर उठतो, तो आदल्या दिवसापर्यंत सज्जनच असतो. त्या एका घटकेस त्याच्या हाताजवळ काय होतें, यावर दोन घरांचें भवितव्य ठरतें.

आणि ज्यास परवाना मिळाला त्याचें काय? त्याचें कर्तव्य येथून पुढें सुरू होतें. नवें घर बांधशील तर धाब्यास कठडा कर, नाहींतर वरून कोणी पडल्यास रक्तपाताचा दोष तुझ्या घरावर येईल, या अर्थाचा नियम अनुवादाच्या पुस्तकांत आहे. घर ज्याचें त्याचें. पण त्याच्या धाब्यावरून पडणारा शेजारी आहे, म्हणून कठडा घरमालकानें बांधावयाचा. बंदुकीस कुलूप घालणें हा तोच कठडा होय. ती भरून भिंतीस टांगूं नये. बंदूक एका ठिकाणीं व काडतुसें दुसऱ्या ठिकाणीं ठेवावींत. मुलांच्या हातीं किल्ली लागूं देऊं नये. दारू प्यालेल्या माणसानें तिला शिवूं नये. २०१६ च्या नियमांत शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याच्या शिक्षणाची तरतूद आहे; तें शिक्षण कागदापुरतें घेऊं नये. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास तीनऐवजीं दोनच बंदुका ठेवण्याची मर्यादा घातली, वाडवडिलांकडून आलेल्या बंदुकाही या मर्यादेंतच मोजल्या, आणि लग्नांत, मिरवणुकींत आनंदासाठीं गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यांत घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लक्ष रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेविली. वरातीच्या आनंदांत आकाशाकडे सोडलेली गोळी आकाशांत राहत नाहीं, हें कळण्यास वस्तुतः कायद्याची गरज पडूं नये.

याहून एक नाजूक गोष्ट आहे, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बंदुकीपासून सर्वांत अधिक धोका परक्यास नसून पुष्कळदां घरच्यासच असतो. ऑस्ट्रेलियासारख्या देशांत बंदुकीनें होणाऱ्या मृत्यूंपैकीं बहुतांश मृत्यु आत्महत्येचे असतात. आपल्या महाराष्ट्रांत कर्जानें, नापिकीनें, अपमानानें खचलेलीं माणसें थोडीं नाहींत. ज्या घरांतील मनुष्य जेवत नाहीं, बोलत नाहीं, रात्रीं उठून बसतो, त्या घरांतील बंदूक त्याच दिवशीं पोलिस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी. निवडणूक आली कीं सरकारच्या हुकुमानें हत्यारें जमा करण्याचा प्रघात आहेच. मतपेटीच्या शांततेसाठीं जें करतों, तें घरच्या माणसाच्या जिवासाठीं करण्यांत लाज कसली? आणि अशा घरीं शेजाऱ्यानें केवळ बंदूक नेली म्हणजे झालें असें समजूं नये; त्यानें त्या माणसापाशीं बसावें, त्यास डॉक्टराकडे न्यावें, त्याच्या कर्जाचा कागद वाचून पाहावा.

तेव्हां आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊं. शस्त्र हा हक्क आहे काय? घर, भाकरी, न्याय, उपासना हे हक्क आहेत. कारण ते एकास मिळाल्यानें दुसऱ्याचे कमी होत नाहींत. शस्त्राचें तसें नाहीं. तें एकाच्या हातीं जातें तेव्हां दुसऱ्याच्या निश्चिंतपणांतून कांहीं वजा होतें. म्हणून त्यास ठेव म्हणावें हें अधिक योग्य. ठेव ज्याच्याजवळ आहे त्यानें ती कारणासाठीं घ्यावी, सांभाळून ठेवावी, मागतांच हिशेब द्यावा, आणि कारण संपतांच परत करावी. ठेव देणाऱ्यानेंही पक्षपात करूं नये. डोंगरकडेच्या गरिबाचा अर्ज धूळ खात पडावा आणि पुढाऱ्याच्या मुलास मिरविण्यासाठीं पिस्तूल मिळावें, असें जेथें होतें तेथें कायद्याचे शब्द १९५९ चे असले तरी त्याचा आत्मा १८७८ चाच राहतो.

वाचकहो, आपल्या गांवांत कोणाजवळ परवान्याची बंदूक असेल तर त्याच्याशीं या गोष्टी एकदां प्रेमानें बोलाव्यात. कोणी खऱ्या गरजेनें अर्ज करीत असेल तर लिहितां-वाचतां येणाऱ्यानें त्याचा अर्ज नीट लिहून द्यावा, नकार आल्यास लेखी कारण मागावें, आणि अपिलाची मुदत चुकूं देऊं नये. आणि कोणी केवळ शेजारच्या वस्तीच्या भीतीनें बंदुकीचा विचार करीत असेल, तर त्यास त्या वस्तींत घेऊन जावें, तेथील माणसांच्या ओट्यावर बसवावें, आणि मग पुन्हां विचारावें कीं, “गड्या, आतां तुला ती कशासाठीं पाहिजे?”